भटारखान्याची गिनती

१

ऐका बायांनो, ऐका बाप्यांनो. संभाजीनगर शहराच्या वरल्या अंगाला, हर्सूलच्या वाटंवर, दोन खोल्यांत एक सासू अन एक सून राहत होत्या. सासूचं नाव चतुराबाई, सुनेचं नाव मंजुषा. सुनेला नवरा होता, गोकुळ त्याचं नाव, पण तो घरचा कमी अन गाडीचा जास्त. गाडी दुसऱ्याची, चालवायचा हा. आज पाहुणे घेऊन फर्दापूर, उद्या शिर्डी, परवा कुठं ते त्यालाच ठावं. आठवड्यातून दोनदा घरी यायचा अन आल्या आल्या आडवा व्हायचा. मंजुषा म्हणायची, "आत्याबाई, मी लग्न केलं का लॉज काढला?"

तर ह्यातली चतुराबाई म्हंजी मी, अन गोकुळ माझा ल्योक.

मंजुषा अन आमची शेजारीण ताहेरा, दोघी मिळून जेवणाचे डबे करायच्या. मंजुषाची ज्वारीची भाकर, पिठलं, ठेचा, ताहेराचा नान-खलिया. दोघींच्या हाताला अशी चव की एकदा डबा घेतलेला माणूस घरच्या बायकोला नावं ठेवायचा. कुठं मोठं, कायमचं काम मिळालं तर गोकुळनं ती गाडी सोडायची अन घरच्या धंद्याला लागायचं, असं नवरा-बायकोचं ठरलेलं. पण मोठं काम काय झाडाला लागतंय?

अन मग लागलं. जुन्या जेलात.

हर्सूलचं मोठं जेल नाय बरं, ते आजबी चालूच हाय. मी म्हणते ते वाटंत अलीकडं लागणारं, लहान, दगडी, निजामाच्या वक्ताचं. माझे मालक तिथं शिपाई होते. त्यांचं नाव कडुबा. एकदा घेतलं, आता पुन्हा घेणार नाय. लग्न होऊन मी आले ती जेलाच्या भिंतीला लागून असलेल्या शिपायांच्या लायनीतच, अन वीस वर्षं तिथंच काढली. पुढं जेल बंद पडलं, लायन पाडली, मालक गेले. आता त्या जागंवर काचेचा महाल उभा हाय. सभा-संमेलनांचं केंद्र म्हणतात त्याला. आत गेलं की एवढी थंडी की लुगड्याचा पदर कानावरून घ्यावा लागतो. दारापुढं उभं राहिलं की दार आपोआप उघडतं. पहिल्या दिवशी मी त्या दाराला "येऊ का?" म्हणलं, तर ताहेरा हसून हसून खाली बसायची राहिली.

तिथले मॅनेजर इंद्रजीत साहेब. पोरगेलासा गडी, गळ्यात पट्टा, कानात यंत्र. त्यांनी मंजुषाला सांगितलं, "ताई, तीन दिवस डोळ्यांच्या डॉक्टरांची परिषद आहे. साठेक लोक. दुपारचं जेवण अन पाचचा चहा तुम्ही बघा. तीन दिवसांत तक्रार आली नाही तर इथलं स्वयंपाकघर कायमचं तुमचं. आली, तर मात्र एक मोठी पार्टी माझ्या मागं लागलीय. त्यांना द्यावं लागेल."

"तक्रार?" मंजुषा म्हणली. "साहेब, ताटं चाटतील."

२

पहिल्या दिवशी दुपारचं जेवण असं झालं की काय सांगू. पुण्याची एक डॉक्टरीण चौथी भाकर मागायला सोता स्वयंपाकघरात आली. चुलीवर नाय, गॅसवर भाजलेली, पण हात तर मंजुषाचाच.

पाच वाजले. सभेच्या खोलीबाहेर लांब गल्ली हाय, तिच्यात गालिचा टाकलेला. गल्लीच्या ह्या टोकाला आमचं स्वयंपाकघर, त्या टोकाला बाहेर जायचं काचेचं दार. गल्लीतल्या टेबलावर चहाचे मोठे डबे अन गरम भजी मांडून मंजुषा अन ताहेरा आत आल्या, अन मी दाराच्या उंबऱ्यावर खुर्ची टाकून बसले. मला नुसती शोभेला आणली होती. गुडघे गेलेत माझे. सहा वर्षं झाली, मला खाली बसता येत नाय.

डॉक्टर लोक बाहेर आले. हसत, बोलत, एकमेकांच्या पाठीवर थापा मारत. अन एकाएकी गप झाले.

मला वाटलं, कोणी मोठा माणूस आला. वाकून पाह्यलं, कोणी नव्हतं. ते साठ जण भिंतीकडंनं सरकले अन दोघा-दोघांची रांग लावून उभे राहिले. चहाकडं कोणी बघंना. माना खाली.

"मंजे," मी म्हणलं, "बघ तरी किती शिस्तीचे लोक."

ती आतून कढई घासत म्हणली, "शिकलेले हायेत आत्याबाई. लायनीत घेतात."

"अगं पण लायन एकाएकाची असते. ही दोघादोघांची हाय."

"मग दोघं मिळून एक कप घेत असतील," ताहेरा बोलली अन दोघी फिदीफिदी हसल्या.

मी पुन्हा बघितलं, तर ते आता खाली बसलेले. उकिडवे. कोटातले, टायवाले, जरीच्या साड्यांतल्या बाया, सगळे गालिच्यावर उकिडवे, हात गुडघ्यांवर. अन गल्लीच्या त्या टोकाकडून आवाज यायला लागला. ठक. थोडं थांबून ठक. पुन्हा ठक. जोडीमागं एक, असा आवाज रांगंवरून पुढं सरकत होता. गालिच्यावर काठी वाजत नाय, हे मला कळत होतं. ही वाजत होती, खाली दगडी फरशी असल्यासारखी.

रांगंच्या शेवटाला आवाज थांबला. लई वेळ काहीच नाय. मग पुन्हा पहिल्या जोडीपासून सुरू.

वीस मिनिटांनी ते सगळे उठले अन अर्धं राह्यलेलं बोलणं पुढं बोलायला लागले. एक जण हसत होता, त्याचं हसूसुद्धा मघाचंच होतं. मग कोणीतरी चहाचा घोट घेतला अन तोंड वाकडं केलं.

संध्याकाळी इंद्रजीत साहेब आले. "ताई, जेवण झकास. पण चहा गार होता, भजी मऊ पडली. आज सोडून देतो."

"गार?" मंजुषा रडकुंडीला आली. "उकळता दिला होता साहेब!"

 मी काय सांगणार? म्हातारी माणसं, त्यात शुगर. आमच्या डॉक्टरनं सांगितलंच हाय, शुगर वाढली की डोळ्यांपुढं भलतंसलतं दिसतं. अन डोळ्यांचे साठ डॉक्टर तिथं असताना, त्यांना न दिसलेलं मला दिसावं, हे काय बरं हाय?

३

दुसऱ्या दिवशी मी सकाळी गोळी घेतली, साखरंचा चहा सोडला अन मनाशी म्हणलं, आज बघू.

पाच वाजले. डॉक्टर आले, हसले, गप झाले, बसले. ठक. ठक.

ताहेरा भज्यांचं दुसरं ताट घेऊन गल्लीत गेली. तोंडानं तिच्या पोरीच्या लग्नाची टकळी चालूच होती, "अम्मा, आमरीन को बोली मैं, रिश्ता आया तो पैले लडके के हाथ की चाय पी के…" अन तिथंच वाक्य तोडून ती ताटासकट खाली बसली. रांगंच्या शेवटाला. मान खाली.

"मंजे!" मी ओरडले. "ताहेराला बघ!"

"काय झालं बाई हिला?" म्हणत मंजुषा पदर खोचून तरातरा गेली. उंबरा ओलांडून चार पावलं गेली असंल. चालता चालता तिचे पाय धिमे झाले. ती ताहेराच्या बाजूला बसली, हात गुडघ्यांवर ठेवून. माझी सून, जिला मी दहा वर्षांत कधी गप बसलेली पाह्यली नाय, ती.

मी उंबऱ्याच्या आत राह्यले. मोठी शहाणी म्हणून नाय, माझा पायच उचलंना.

आवाज रांगंवरून आला. ठक. ठक. जवळ आला तसा मी कान दिला. माझ्या मालकांच्या काठीला खाली लोखंडी कडं होतं, तिचा आवाज मी झोपेतबी ओळखला असता. ही काठी त्यांची नव्हती. ही कोणाची, मला ठावं नाय. मंजुषा-ताहेरापुढं ती एकदा वाजली, अन थांबली. मला दिसलं काहीच नाय. फक्त भज्यांची वाफ उठत होती ती मधेच दुभंगली, कोणी तिच्यातून हात घातल्यासारखी.

अन पुन्हा पहिल्यापासून.

चाळीस मिनिटं. तीन खेपा झाल्या गिनतीच्या. व्हय, गिनतीच ती. मला आदल्या दिवशीच ओळखू आलं होतं, पण जिभंवर आणवत नव्हतं.

उठल्यावर ताहेरा म्हणली, "तो मैं क्या बोल री थी?"

"लडके के हाथ की चाय," मी म्हणलं.

"हां! पैले चाय पी के देखना… अय्यो, ये भजिए ठंडे कैसे हुए?"

इंद्रजीत साहेबांचं तोंड त्या दिवशी पाह्यण्यासारखं होतं. "ताई, दोन दिवस झाले. उद्या मोठे डॉक्टर शेवटचा अभिप्राय लिहून देणार. उद्याबी चहा गार निघाला तर माझ्या हातात काही नाही."

 घरी येताना रिक्षात गोकुळचा फोन आला तर मंजुषा म्हणली, "तुमी फर्दापूरलाच राहा. इथलं काही खरं नाय."

४

सकाळी पीठ चाळताना मी विचार करत होते. मंजुषा समोर मिरच्या निवडत होती, जास्तच जोरानं.

"मंजे, तुला ठावं हाय का, जेलात दिवस मावळताना काय करायचे?"

"आत्याबाई, आज जेलाचं नाव काढू नका."

"ऐक तर. सगळ्यांना जोडी-जोडीनं बसवायचे अन मोजायचे. गिनती मिळाली तर भाकर, नाय मिळाली तर पुन्हा मोजायची. तोवर कोणी जेवायचं नाय, कोणी हलायचं नाय. शिपायानंबी घरी जायचं नाय. तुझे सासरे कितीदा तरी रात्री उशिरा यायचे अन म्हणायचे, 'गिनती चुकली.' अन चुकायची कशामुळं ठावं हाय?"

"कशामुळं?"

"भटारखान्यामुळं. भाकरी भाजणारे कैदी रांगंत नसायचे, चूल सोडून कसे येतील? मग त्यांच्यातल्या मोठ्यानं दारात उभं राहून आपला आकडा ओरडायचा. 'भटारखाना, बारा!' असा. तो आकडा बाहेरच्या आकड्यात मिळवला की जुळायचं. एकदा एक पिशोरचा कैदी पिठाच्या कोठीत झोपला होता. दारातला म्हणतोय अकरा, कागदावर बारा. अख्खं जेल उकिडवं!"

मंजुषा हसली. तक्रार आल्यापासून पहिल्यांदा. "म्हंजी माझ्या भज्यांसारखंच त्यांचंबी जेवण गार झालं असंल."

ती हसली अन माझ्या हातातली चाळणी थांबली.

दोन दिवस ती काठी रांगंच्या शेवटाला येऊन थांबत होती. आमच्या दाराकडं तोंड करून. वाट बघत होती.

मग मी सोताला लई शिव्या दिल्या. चतुरे, म्हणलं, तुझी अक्कल पिठात सांडली. तिथं भिंत राह्यली नाय, गज राह्यला नाय, काच लागलीय नुसती. कोण मोजतंय अन कोणाला? ही थंड हवेची मिशिनं वाजत असतील. डॉक्टर लोकांचा काही व्यायाम असंल, आजकाल लोक उलटे होऊन श्वास घेतात.

पण ताहेराचं वाक्य? अन माझ्या सुनेचं गप बसणं? त्याला कुठलं मिशीन लावू?

५

तिसरा दिवस. पाचला पाच कमी. मी मंजुषाला म्हणलं, "आज तुम्ही दोघी उंबरा ओलांडायचा नाय. चहा मांडला ना? बास. आता माझ्याजवळ राहा."

"कामून?"

"मी सांगते म्हणून."

डॉक्टर बाहेर आले. सगळ्यांच्या हातात आज पिशव्या, कोणाची गाडी, कोणाचं विमान. इंद्रजीत साहेब पुढं, कोट घालून, हात दाखवत, "चहा घ्या सर, मग निघा…" अन ते गप झाले. बसले. साहेबबी बसले. त्यांच्या खिशात फोन वाजत राह्यला, त्यांनी हात लावला नाय.

त्या टोकाचं काचेचं दार बंद होतं. बाहेर वॉचमन उभा, दार त्याच्यापुढं उघडत नव्हतं. तो काचेवर थापा मारत होता. थापा दिसत होत्या, ऐकू येत नव्हत्या.

ठक. ठक. ठक.

"आत्याबाई," मंजुषा हळूच म्हणली. आज ती आत होती, तिला दिसत होतं. तिची बोटं माझ्या दंडात रुतली. ताहेरा काही तरी पुटपुटत होती, अल्लाचं नाव होतं त्यात.

आवाज शेवटच्या जोडीशी आला अन थांबला.

मी उंबऱ्यात उभी राह्यले. छाती अशी उडत होती की चोळी फाटंल. पण मी वीस वर्षं जेलाच्या भिंतीला राह्यलेली शिपायाची बायको होते. आवाज कसा लावायचा मला ठावं होतं.

"भटारखाना, तीन!"

गल्लीभर घुमलं. काहीच झालं नाय. चहाच्या डब्यांतनं वाफ येत होती. मला वाटलं, आता पुन्हा पहिल्यापासून.

पुन्हा पहिल्यापासून नाय झालं. आवाज पुढं आला. उंबऱ्यापाशी. उंबऱ्याच्या आत. आमच्या पांढऱ्या टाइल्सवर, दगडावर वाजावी तशी ठक.

मंजुषा अन ताहेरा माझ्या बाजूला एकदम खाली बसल्या. अन माझे गुडघे वाकले. सहा वर्षांत न वाकलेले गुडघे, बाई, लोण्यासारखे वाकले, जराबी दुखले नाय, अन मला त्याचीच सगळ्यात जास्त भीती वाटली. मी त्या दोघींच्या मागं बसले. हात गुडघ्यांवर गेले. मान खाली गेली.

ठक. ती पुढची जोडी, मंजुषा अन ताहेरा.

मग माझ्यापुढं. काठी उठली, पण वाजली नाय. वरच थांबली, हे मला न बघता कळत होतं. माझ्या डोक्यावर कोणीतरी उभं होतं अन मी चुकीचा आकडा सांगितला होता.

तवा मला वास आला. गॅसचा नाय, भज्यांचा नाय. ज्वारीच्या पिठाचा, अन घामाचा, अन लाकडाच्या धुराचा. माझ्या डाव्या अंगाला. इतक्या जवळ की माझ्या बाहीला ऊब लागत होती.

मान वर करायची नसते गिनतीत. मी नुसते डोळे फिरवले. दोन गुडघे दिसले, माझ्या गुडघ्यांच्या ओळीत. त्यांच्यावर दोन हात. कोपरापर्यंत पिठानं पांढरे. तरणे हात होते. उजव्या मनगटावर तव्याचा जुना चटका. बोटं थरथरत होती. मी घाबरले होते ना, त्याच्यापेक्षा ती जास्त घाबरली होती.

त्याच्या पुढं मी बघितलं नाय. तोंड बघितलं असतं तर ही गोष्ट सांगायला मी इथं नसते, असं मला वाटतं. का वाटतं, सांगता येत नाय.

माझ्या तोंडातून शब्द मीच काढले का, तेबी सांगता येत नाय.

"भटारखाना," मी म्हणलं, "चार."

ठक.

गल्लीच्या त्या टोकाला काचेचं दार सर्रकन उघडलं. इतकं अचानक की वॉचमन थाप मारता मारता आत पडला.

६

"…मग निघा सर," इंद्रजीत साहेब म्हणाले अन उठले. सगळे उठले. बोलणं, हसणं, पिशव्या. चहा उकळता होता, भजी कुरकुरीत. दहा मिनिटांत टेबल साफ. मोठ्या डॉक्टरांनी तिसरा कप घेतला अन साहेबांच्या कागदावर उभ्या-उभ्याच सही केली. म्हणाले, "परत परिषद इथंच घ्या. पण स्वयंपाक ह्याच बायकांचा."

मला उठवायला दोघी लागल्या. गुडघे पुन्हा होते तसेच होते.

"आत्याबाई, तुमी खाली कामून बसला?" मंजुषा म्हणली. तिला काही आठवत नव्हतं. ताहेराला तर त्याहून नाय.

"घसरले," मी म्हणलं.

ओट्यावर परातीत पिठाचा गोळा मळून ठेवलेला होता. मऊ, सारखा, ओल्या फडक्याखाली. मंजुषाला वाटलं ताहेरानं मळला, ताहेराला वाटलं मंजुषानं. दोघी माझ्याकडं वळल्या.

"मीच मळला," मी म्हणलं. "नुसती शोभेला आणलीय का मला?"

दुसऱ्या आठवड्यात कागद झाला. स्वयंपाकघर पाच वर्षांसाठी मंजुषाचं अन ताहेराचं. आता तिथं आठ बाया कामाला हायेत, अन बारा जणींचं काम उरकतं. इंद्रजीत साहेब विचारतात, "ताई, जमतं कसं?" मंजुषा म्हणते, "आत्याबाईचा पायगुण." रोज पाचला मी खुर्चीवरून उठून दारात जाते अन आकडा ओरडते, एक वाढवून. पोरी हसतात. साहेब म्हणतात, आजीचा आवाज पाहुण्यांना आवडतो, ओरडू द्या. पाहुणे आपापला चहा घेतात, उभ्यानं, गरमागरम.

अन गोकुळनं पुढच्याच महिन्यात गाडीची चावी मालकाच्या हातावर ठेवली. आता सकाळी मंडईतनं भाजी तोच आणतो, मंजुषाच्या समोर बसून तोच निवडतो, अन कोथिंबीर चुकीची आणली म्हणून रोज बोलणी खातो. परवा ती मला म्हणली, "आत्याबाई, हा माणूस दिवसभर डोळ्यांपुढं असतो. आता लई झालं." अन म्हणताना अशी हसली, की दहा वर्षांपूर्वी हळदीनं पिवळी होऊन माझ्या दारात उभी राह्यली होती ना, तशीच दिसली मला.